‘आपण’ आणि ‘आम्ही’ : कॅन्ससच्या बास्केटबॉल-रसिकांच्या वादाची मीमांसा

१

विद्यापीठीय क्रीडासंघाचे अभिमानी आपल्या संघाचे खेळाडू, त्याचे प्रशिक्षक आणि त्याचा पूर्वेतिहास यांविषयी परस्परांशी जो वाद घालीत असतात, त्याची गणना सामान्यतः रिकामपणाच्या उद्योगांत केली जाते. परंतु ज्या व्यवहारात गुणदोषांची तुलना होते, प्रमाणे पुढे केली जातात, पूर्वसूरींचा दाखला दिला जातो आणि प्रतिपक्षाचे खंडनही केले जाते, तो व्यवहार स्वरूपतः समीक्षेचाच होय. त्याचा विषय काव्य नसून खेळ आहे, एवढ्यावरून त्याची जात बदलत नाही. उलट, ही समीक्षा लेखनाच्या शिस्तीने बांधलेली नसल्यामुळे तिची गृहीतके तिच्या भाषेत अधिक उघडी पडतात; आणि भाषेच्या अभ्यासकाला तिच्याकडे वळण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

प्रस्तुत लेखात अशा एका वादाचे परीक्षण करावयाचे आहे. तो अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल-संघाविषयीचा आहे. हा वाद वरवर गुणवत्तेचा दिसत असला तरी त्याचा खरा विषय सदस्यत्व हा होय, असे प्रतिपादन येथे केले आहे. कोण श्रेष्ठ, यापेक्षा कोण आपला, हा प्रश्न त्याच्या मुळाशी असतो. या प्रश्नाचे उत्तर देताना रसिकांनी वापरलेली कसोटी पुष्कळ ठिकाणी सूक्ष्म आणि उदार ठरते. एका ठिकाणी मात्र ती उणी पडते. ते ठिकाण कोणते, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

हाच संघ निवडण्याचे कारण त्याच्या इतिहासात आहे. बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे निर्माण केला. १८९८ साली ते लॉरेन्स येथील कॅन्सस विद्यापीठात आले आणि तेथील संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. त्यांचे शिष्य फॉरेस्ट ॲलन यांनी १९०७ ते १९०९ आणि पुन्हा १९१९ ते १९५६ या काळात हा संघ घडविला व त्याला ५९० विजय मिळवून दिले. ॲलन यांच्या हाताखाली खेळलेले अडॉल्फ रप पुढे केंटकी विद्यापीठाचे आणि डीन स्मिथ नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे विख्यात प्रशिक्षक झाले. म्हणजे ज्या तीन विद्यापीठांचे रसिक श्रेष्ठत्वासाठी एकमेकांशी भांडतात, त्या तिन्ही परंपरा एकाच व्यायामशाळेतून फुटलेल्या आहेत.

येथे अमेरिकन विद्यापीठीय क्रीडेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. विद्यापीठाचा संघ हा तेथे केवळ विद्यार्थ्यांचा नसतो. तो गावाचा, पुष्कळदा साऱ्या राज्याचा असतो. खेळाडू चारपाच वर्षांत निघून जातात, प्रशिक्षक अन्यत्र जातात किंवा निवृत्त होतात. चाळीस वर्षे आपल्या जागेवर बसून राहतो तो प्रेक्षक. संघाचे सातत्य मैदानावर नसून स्मृतीत असते, आणि त्या स्मृतीचा वाहक हा रसिक असतो. १९५२ साली आपल्या जन्मापूर्वी झालेल्या विजयाविषयी बोलतानाही तो ‘आम्ही जिंकलो’ असे म्हणतो, ते यामुळेच. या वाक्यातील सर्वनाम हेच आपल्या विवेचनाचे सूत्र आहे.

३

इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचनाचे ‘वी’ हे एकच सर्वनाम आहे. ऐकणाऱ्याला त्यात धरले आहे की वगळले आहे, हे त्या शब्दावरून कळत नाही. मराठीत ते कळते. ‘आम्ही जाऊ’ यात श्रोता बाहेर राहतो; ‘आपण जाऊ’ यात तो आत येतो. या समावेशक-व्यावर्तक भेदाचा उगम सांगताना द्राविड भाषांच्या सान्निध्याकडे बोट दाखविले जाते. मराठीत ‘आपण’ला आदरार्थी आणि आत्मवाचक असेही उपयोग आहेत, पण त्यांचा प्रस्तुत विषयाशी संबंध नाही. ज्या भाषेत हा भेद रूपाने व्यक्त होत नाही, तिच्या भाषकांनाही तो अर्थाने करावाच लागतो. मराठी भाषकाला तो सवयीने दिसतो, म्हणून कॅन्ससच्या रसिकाचे ‘वी’ प्रत्येक ठिकाणी मराठीत कसे उतरेल, असे विचारणे हे परीक्षणाचे एक उपयुक्त साधन ठरते.

रसिकांच्या सर्वनामांकडे मानसशास्त्राचे लक्ष पूर्वीच गेले आहे. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांचे सहकारी यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, आपल्या विद्यापीठाचा फुटबॉल-संघ जिंकल्यावर विद्यार्थी ‘आम्ही’ या अर्थाचे सर्वनाम अधिक वापरतात आणि हरल्यावर कमी. दुसऱ्याच्या तेजात आपण उजळून निघावे, ही मनुष्याची सहज ओढ त्यातून स्पष्ट होते. हा निष्कर्ष मोलाचा आहे. पण तो सामन्यानंतरच्या काही दिवसांपुरता आहे. दीर्घ परंपरा असलेल्या संघाच्या बाबतीत काळाची मोजणी दशकांनी करावी लागते, आणि तेथे पराभवही ‘आपला’ होऊ शकतो. तो कसा होतो, हे पुढील वादांवरून दिसेल.

४

पहिला वाद गणनेचा. कॅन्ससची राष्ट्रीय अजिंक्यपदे चार की सहा? राष्ट्रीय विद्यापीठीय स्पर्धा १९३९ साली सुरू झाली. तीत कॅन्ससने १९५२, १९८८, २००८ आणि २०२२ या वर्षी अजिंक्यपद मिळविले. याखेरीज १९२२ आणि १९२३ या वर्षांची अजिंक्यपदे हेल्म्स प्रतिष्ठानाने पश्चात्दृष्टीने, म्हणजे ती वर्षे उलटून गेल्यावर, बहाल केली. ॲलन यांच्या नावाने १९५५ साली उभारलेल्या क्रीडागृहात या दोन वर्षांचे ध्वजही फडकतात. चार म्हणणारा रसिक मैदानावर लढून मिळविलेलेच विजय मानतो; सहा म्हणणाऱ्याचे म्हणणे असे की, स्पर्धा नव्हती हा त्या खेळाडूंचा दोष नव्हे. दोन्ही पक्ष तर्कशुद्ध आहेत. परंतु त्यांच्यातील भेद हा संख्येचा नसून, १९३९ पूर्वीचे लोक ‘आपण’मध्ये कोणत्या अधिकाराने येतात, याविषयीचा आहे.

याच सदरात नेस्मिथ यांचा प्रश्न मोडतो. खेळाच्या जनकाने कॅन्ससचे प्रशिक्षक म्हणून ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. या संघाच्या प्रशिक्षकांत विजयांपेक्षा पराभव अधिक असलेले ते एकटेच. गुणवत्ता ही एकच कसोटी असती, तर रसिकांनी ही गोष्ट झाकून ठेविली असती. प्रत्यक्षात ते ती कौतुकाने सांगतात. खेळ शिकवावयाचा नसतो, तो केवळ खेळावयाचा असतो, असे नेस्मिथ ॲलन यांना म्हणाल्याची आख्यायिकाही तिच्या जोडीला येते. मूळ पुरुषाला गुणांकनातून सूट असते. त्याचे तेरा नियम लिहिलेली मूळ पाने डिसेंबर २०१० मध्ये लिलावात सुमारे ४३ लाख डॉलर देऊन डेव्हिड बूथ या माजी विद्यार्थ्याने घेतली, आणि ती आता लॉरेन्समध्ये त्या क्रीडागृहाशेजारी ठेविली आहेत. स्प्रिंगफील्डमध्ये लिहिलेला कागद कॅन्ससमध्ये आला, तरी रसिकाच्या दृष्टीने तो परत घरी आला.

दुसरा वाद खेळाडूचा. विल्ट चेंबरलेन यांना ॲलन यांनी कॅन्ससला आणले. पण तेव्हाच्या नियमानुसार पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास मुख्य संघातून खेळता येत नसे, आणि ते वर्ष संपता संपता ॲलन सक्तीच्या वयोमर्यादेमुळे १९५६ साली निवृत्त झाले. पुढील वर्षी डिक हार्प यांच्या मार्गदर्शनाखाली संघ अंतिम सामन्यात पोहोचला आणि तीन वाढीव डावांनंतर नॉर्थ कॅरोलायनाकडून ५४–५३ असा एका गुणाने हरला. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून मात्र पराभूत संघातील चेंबरलेन यांचीच निवड झाली. १९५८ साली ते विद्यापीठ सोडून गेले. त्यांच्या काळाला वैभव म्हणावे की अपेक्षाभंग, हा वाद आजही चालतो. चाल्डिनींच्या निष्कर्षाप्रमाणे येथे कॅन्ससच्या रसिकाने ‘ते हरले’ असे म्हणून अंग काढून घ्यावयास हवे होते. काही काळ एका व्यक्तीच्या नावावर तो पराभव लिहिलाही गेला. परंतु १७ जानेवारी १९९८ रोजी चेंबरलेन आपला १३ क्रमांकाचा सदरा निवृत्त होण्याच्या समारंभासाठी लॉरेन्सला परत आले, आणि प्रेक्षकांनी त्यांचे जे स्वागत केले त्याने कर्ता बदलला. ‘तो हरला’चे ‘आपण हरलो’ झाले. एका पराभवाला ‘आपण’मध्ये येण्यास चार दशके लागली, पण तो आला. हे या रसिकसमूहाच्या औदार्याचे गमक मानले पाहिजे.

तिसरा वाद प्रशिक्षकाचा. रॉय विल्यम्स यांनी १९८८ ते २००३ या काळात कॅन्ससला ४१८ विजय मिळवून दिले; पराभव १०१. २००० साली नॉर्थ कॅरोलायनाचे बोलावणे त्यांनी नाकारले. २००३ च्या एप्रिलमध्ये अंतिम सामना सिरॅक्यूसकडून ८१–७८ असा हरल्यावर काही दिवसांतच त्यांनी तेच बोलावणे स्वीकारले, आणि तेथे २००५, २००९ व २०१७ साली अजिंक्यपदे मिळविली. कॅन्ससच्या रसिकांत कोणी त्यांना विश्वासघातकी म्हटले, कोणी स्वगृही गेलेला पाहुणा. २००८ साली उपांत्य सामन्यात कॅन्ससने त्यांच्याच संघाचा ८४–६६ असा पराभव केला. त्यानंतरच्या अंतिम सामन्यास ते कॅन्ससचे चिन्ह सदऱ्यावर लावून प्रेक्षकांत बसले, आणि आता नॉर्थ कॅरोलायनाचे रसिक रुष्ट झाले. एकाच मनुष्यावर दोन ‘आपण’ हक्क सांगत होते. इंग्रजीत हा पेच दिसत नाही, कारण ‘वी’ दोहोंकडे सारखेच. मराठीत त्याचे रूप स्पष्ट होते : विल्यम्स यांनी ‘आम्ही’ बदलले, पण ‘आपण’ सोडले नाही, आणि रसिकांना नेमके तेच एकदम समजेना.

चौथा वाद सर्वांत सूक्ष्म आहे. २०१७–१८ च्या हंगामातील पंधरा विजय आणि अंतिम चार संघांत मिळविलेले स्थान हे, एक खेळाडू अपात्र होता या कारणास्तव, ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयाने नोंदीतून रिक्त करण्यात आले. ‘रिक्त करणे’ ही क्रिया विचार करण्याजोगी आहे. विजय काढून घेतला जातो, पण तो प्रतिपक्षास दिला जात नाही. सामना झाला होता, पण तो कोणी जिंकला नाही. जे. एल. ऑस्टिन यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ज्या उक्तींना कृतिरूप मानले, त्यांचा हा एक विलक्षण नमुना आहे, कारण येथे उक्ती वर्तमानात काही घडवीत नसून भूतकाळातील घटना मोजणीतून काढून टाकते. रसिकाचे उत्तर असे की, मी तेथे होतो आणि मी ते पाहिले. नोंदीचे प्रामाण्य आणि साक्षीचे प्रामाण्य यांचा हा झगडा आहे.

पण रसिकाच्या भूमिकेतील विसंगतीही येथेच दिसते. २००८ चा अंतिम सामना कॅन्ससने मेम्फिस संघाविरुद्ध वाढीव डावात ७५–६८ असा जिंकला, आणि पुढे मेम्फिसच्या त्या हंगामातील विजय अशाच रीतीने रिक्त ठरविण्यात आले. परक्याची रिक्तता रसिक नोंदीवरून सहज मान्य करतो. स्वतःची मात्र साक्षीच्या आधारे अमान्य करतो. प्रमाण बदलते ते सत्याच्या स्वरूपामुळे नव्हे, तर सर्वनामामुळे.

५

या चार वादांमागे जी एक समान कल्पना आहे, तिला इंग्रजी क्रीडालेखनात ‘वंशवृक्ष’ म्हणतात. परंतु रक्ताचा संबंध नसल्यामुळे हे नाव तितकेसे नेमके नाही. आपल्याकडील ‘घराणे’ हा शब्द अधिक जवळचा आहे. संगीतातील घराण्यास मूळ पुरुष लागतो, प्रत्यक्ष तालीम लागते आणि काही पिढ्यांचे सातत्य लागते. कॅन्ससला हे तिन्ही आहे. नेस्मिथ यांचे ॲलन, ॲलन यांचे स्मिथ. स्मिथ यांच्याकडे खेळलेले लॅरी ब्राउन आणि त्यांचे साहाय्यक राहिलेले रॉय विल्यम्स हे एकामागोमाग कॅन्ससचे प्रशिक्षक झाले. आणि २००३ साली विल्यम्स यांच्या जागी आलेले बिल सेल्फ हे पूर्वी ब्राउन यांच्या हाताखाली कॅन्ससलाच साहाय्यक होते. गेलेली विद्या शिष्यांच्या वाटेने फिरून परत येते. ॲलन यांचे ‘फॉग’ हे टोपणनाव त्यांच्या भोंग्यासारख्या आवाजावरून पडले. इंग्रजीत त्याचा उच्चार आणि धुक्याच्या नावाचा उच्चार एकच आहे. पाहुण्या संघाने त्या ‘फॉग’पासून सावध असावे, असा इशारा देणारे फलक विद्यार्थ्यांनी १९८८ साली क्रीडागृहात लावले. ॲलन १९७४ सालीच निवर्तले होते. ‘आपण’मध्ये मृतही असतात आणि ते कामही करतात, हे यावरून कळते.

मात्र घराण्याच्या कल्पनेचा जो दोष आहे, तोही येथे उतरला आहे. घराणे हे तालमीवरून ठरते असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात कोणाला मैफलीत बसविले यावरून ते ठरते. कॅन्सस राज्यातच जन्मलेले जॉन मॅक्लेंडन हे १९३३ साली या विद्यापीठात शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासासाठी दाखल झाले. नेस्मिथ तेव्हा वृद्ध होते. ते मॅक्लेंडन यांचे मार्गदर्शक झाले. मॅक्लेंडन १९३६ साली पदवीधर झाले. ते कृष्णवर्णीय होते. आणि ॲलन यांच्या संघाचे दार कृष्णवर्णीयांस बंद होते. ज्याने खेळ निर्माण केला त्याच्याकडून मॅक्लेंडन यांनी विद्या घेतली, पण ज्या संघाचे ते विद्यार्थी होते त्याचा सदरा त्यांना कधी मिळाला नाही. लव्हॅनेस स्क्वायर्स यांच्या रूपाने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू या संघात आला तो १९५० च्या दशकाच्या प्रारंभी.

मॅक्लेंडन यांनी पुढे जे केले ते कोणत्याही घराण्याने अभिमानाने सांगावे असे आहे. त्यांनी वेगवान खेळाची पद्धती विकसित केली, टेनेसी ए. अँड आय. या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाला १९५७, १९५८ आणि १९५९ अशी लागोपाठ तीन वर्षे लहान महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेत अजिंक्यपद मिळवून दिले. १९६६ साली क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षकपद स्वीकारून, बहुसंख्य श्वेतवर्णीय विद्यापीठात ते पद भूषविणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. नेस्मिथ यांच्या नावाच्या कीर्तिमंदिरात त्यांचा समावेश दोनदा झाला : १९७९ साली खेळाच्या सेवेबद्दल आणि २०१६ साली प्रशिक्षक म्हणून. रप आणि स्मिथ यांना कॅन्ससच्या परंपरेत गणावयाचे, तर त्याच न्यायाने मॅक्लेंडन यांना पहिल्या ओळीत गणावयास हवे. कारण रप आणि स्मिथ हे मूळ पुरुषाच्या शिष्याचे शिष्य आहेत, मॅक्लेंडन हे साक्षात शिष्य. तरीही श्रेष्ठ प्रशिक्षकांची वंशावळ सांगताना नेस्मिथ, ॲलन, रप, स्मिथ ही साखळी ज्या सहजतेने जिभेवर येते, त्या सहजतेने मॅक्लेंडन हे नाव येत नाही. त्यांची कथा येते ती स्वतंत्र परिच्छेदात, जणू ती दुसऱ्या कोणत्या इतिहासाची असावी.

या ठिकाणी भाषेकडे पुन्हा पाहावे. विजयाचे वाक्य कर्तरी असते : आपण जिंकलो. मॅक्लेंडन यांच्याविषयीचे वाक्य बहुधा कर्मणी असते : त्यांना खेळू दिले गेले नाही. या वाक्याला कर्ता नाही. कोणी खेळू दिले नाही? काळाने, रूढीने, परिस्थितीने. असे काहीतरी भाववाचक उत्तर मिळते. चेंबरलेन यांच्या पराभवाला जे मिळाले ते या कृत्याला मिळालेले नाही. त्याला कोणी ‘आपण’ म्हणून पुढे येत नाही.

हे मौन अधिक खटकते ते रसिकांच्या स्वतःच्या नावामुळे. ते स्वतःस ‘जेहॉक’ म्हणवितात. हे नाव १८५० च्या दशकात गुलामगिरीच्या प्रश्नावरून कॅन्ससमध्ये जो रक्तपात झाला त्यातून आलेले आहे. गुलामगिरीविरोधी पक्षाच्या लढवय्यांना ते लावीत. लॉरेन्स हे गावच १८५४ साली त्या पक्षाच्या वसाहतकारांनी वसविले, आणि २१ ऑगस्ट १८६३ रोजी क्वांट्रिलच्या टोळीने ते जाळून सुमारे दीडशे पुरुष व मुलगे ठार केले, तेही याच वैरापायी. शेजारच्या मिझुरीशी असलेल्या क्रीडावैराची कथा सांगताना हा इतिहास रसिक मोठ्या अभिमानाने ‘आम्ही’ म्हणून सांगतात, आणि ते ‘आम्ही’ व्यावर्तक असते. परंतु ज्या इतिहासावरून मिझुरीकरांना बाहेर ठेविले, त्याच इतिहासाने मॅक्लेंडन यांना आत घेण्याचे बंधन घातले होते. नाव घेतले आणि बंधन पाळले नाही, असे येथे झाले.

६

यावर असा आक्षेप येऊ शकेल की, रसिकांचा वाद हा करमणुकीचा प्रकार असून त्याच्यावर इतिहासाच्या न्यायनिवाड्याचा भार टाकणे अनुचित आहे. हा आक्षेप मान्य करता येत नाही, आणि त्याचे कारण रसिकांनीच दिले आहे. नोंदीतून रिक्त केलेले विजय आम्ही पाहिले आहेत, म्हणून ते खरे आहेत, असे जो म्हणतो, तो स्मृतीला नोंदीहून वरचे प्रामाण्य देतो. ज्याने हे प्रामाण्य एकदा मागितले, त्याने त्याचा भारही उचलला पाहिजे. नोंदपुस्तकात मॅक्लेंडन यांचे नाव खेळाडू म्हणून नाही. तेथे ते असणेही शक्य नाही. स्मृतीचे काम नेमके येथेच सुरू होते. नोंद जे घडले तेवढेच सांगते. जे घडू दिले नाही ते सांगण्याची सोय केवळ स्मृतीपाशी आहे.

तात्पर्य असे की, कॅन्ससच्या रसिकांची समीक्षा ही उपेक्षणीय नाही. तिने हरलेल्या मूळ पुरुषाला मान दिला, एका खेळाडूच्या माथी मारलेला पराभव स्वतःकडे घेतला, निघून गेलेल्या प्रशिक्षकाविषयीचा राग कालांतराने पचविला. रूढ गुणांकनाच्या पलीकडे जाण्याचे हे सामर्थ्य पुष्कळ ग्रंथनिविष्ट समीक्षेतही आढळत नाही. तिचे न्यून एवढेच की, तिचे ‘आपण’ सदरा घातलेल्यांपर्यंत जाऊन थांबते. मॅक्लेंडन हे आपले होते, हे म्हणणे आता अवघड राहिलेले नाही. सन्मान झालेल्यांना आपले म्हणणे कोणासही सोपे असते. अवघड आहे ते दुसरे वाक्य : त्यांना आम्ही बाहेर ठेविले. पहिल्या वाक्यातील ‘आपले’ आणि दुसऱ्यातील ‘आम्ही’ ही दोन्ही एकाच तोंडून निघतील, तेव्हा नेस्मिथ यांच्यापासून सांगितली जाणारी ही परंपरा पूर्ण सांगितली गेली, असे म्हणता येईल.